डावीकडचं मशीन

बाजारात तिला ठिणगी म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे म्हटलेलं तिच्या कानावर गेलं तर ते जास्त महागात पडायचं. इन्व्हर्टर दुरुस्त करणारी बाई. अंगानं किरकोळ, आवाजानं अजिबात नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "बॅटरी टिकत नाही हो," की ती आधी विचारायची, "पाणी कधी घातलं होतं?" आणि गिऱ्हाईक जरा घुटमळलं की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणायची, "तहानेनं मारायची तुम्ही आणि जिवंत करायची मी." तरीही लोक यायचे. बोलणी खाऊन मशीन ठेवून जायचे आणि नेताना पुन्हा बोलणी खायचे. तिच्या हाताखालून गेलेलं मशीन त्याच दुखण्यासाठी परत यायचं नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

तिच्या दुकानाला लागूनच दुसरं दुकान होतं, तेही इन्व्हर्टरचंच. तिथं तिचा धाकटा दीर बसायचा. दोन शटरांच्या मधे फक्त प्लायवूडची एक भिंत, इतकी पातळ की इकडे शिंकलं तर तिकडच्यानं दचकावं. पण कित्येक वर्षांत त्या भिंतीतून एकमेकांना उद्देशून एक शब्द गेला नव्हता. उद्देशून नसलेले मात्र पुष्कळ जायचे. "काही लोक जुन्या बॅटऱ्या पुसून नव्या म्हणून खपवतात," असं ठिणगी समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायची, ते भिंतीसाठी असायचं. मग पलीकडून धाकटा त्याच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "काही लोकांकडे नुसत्या तोंडाची वॉरंटी मिळते." गिऱ्हाइकं बिचारी दोन्हीकडे मान डोलवायची.

एके काळी हे एकच दुकान होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा नुकताच शाळेतून सुटलेला. थोरल्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दोघांना एका बाकावर बसवून हातात सोल्डरिंगची कांडी दिली. थोरला फार बोलणारा नव्हता. कुणी काम बिघडवलं तर तो ते काढून घ्यायचा, गप्प बसून पहिल्यापासून करायचा आणि बिघडवणाऱ्यानं ते बघत बसायचं, एवढीच शिक्षा. धाकटा तेव्हा तिला 'वहिनी, तू' म्हणायचा, तिच्या डब्यातलं खायचा आणि आपला डबा तसाच घरी परत न्यायचा.

मग ती कामात त्याच्या पुढे गेली. कानामागून आली आणि तिखट झाली. लोक शटरात उभे राहून विचारायला लागले, "बाई आहेत का? नाहीत? मग येतो नंतर." धाकट्याला ते झोंबलं. एकदा दुकान भरलेलं असताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनीचं काय, दादाच्या जिभेनं बोलते आणि दादाच्या हातानं जोडते." तिनं जागच्या जागी त्याचं त्या दिवशीचं काम उघडलं आणि एकेक चूक गिऱ्हाइकांना बोटानं दाखवली. भांड्याला भांडं लागतं, आवाज होतो आणि विरतो, असं म्हणतात. इथं भांडंच फुटलं. पुढे सासरे गेले, वाटण्या झाल्या, मधे प्लायवूड आलं. हत्यारंसुद्धा वाटली. जाड केबलीच्या टोकाला तांब्याची टोपी बसवतात, तिला लग म्हणतात. ती दाबायची लांब दांड्यांची प्रेस धाकट्याकडे गेली आणि करंट मोजायचा चिमट्याचा मीटर थोरल्याकडे राहिला.

त्या दिवसापासून धाकटा तिला अहो-जाहो करायला लागला, आणि ते मानानं नव्हतं.

थोरला गेला तो दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. छातीत दुखतंय असंसुद्धा म्हणाला नाही. धाकट्यानं सगळी धावपळ केली, आणि माणसं पांगल्यावर तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "दादा ताणानं गेला. ताण कुणी दिला ते मी सांगायला नको." ठिणगीनं दार त्याच्या तोंडावर लावलं. नंतर ते उघडायचं कारण दोघांनाही सापडलं नाही.

शहराच्या कडेला, गोदामांच्या रांगेच्या शेवटी, अंडी उबवायचं एक केंद्र होतं. लांबट इमारत, पत्र्याचं छत, आत कपाटाएवढी उबवणी यंत्रं, आणि प्रत्येकात ट्रेवर ट्रे अंडी. लाइट गेली तर आतली ऊब उतरते. थोडा वेळ चालतं, फार वेळ चालत नाही. म्हणून थोरल्यानं फार पूर्वी तिथं बॅटऱ्यांची मांडणी आणि एक इन्व्हर्टर बसवून दिला होता. तो जुना झाल्यावर ठिणगीनं त्या जागी नवा दिला. बॅटऱ्या बदलल्या, केबल मात्र थोरल्याचीच ठेवली. त्याच्या हातची केबल बदलण्याचं कारणच नव्हतं.

मग मालकिणीनं यंत्रं वाढवली आणि एक इन्व्हर्टर पुरेना. तसाच दुसरा त्याच्या शेजारी लावून दोन्ही जोडीनं चालवायचे ठरले. असे जोडीचे इन्व्हर्टर एकाच बॅटरीवर चालतात, मधल्या वायरीतून एकमेकांशी बोलतात आणि लोड अर्धा अर्धा उचलतात. हा दुसरा मालकिणीनं धाकट्याकडून घेतला. ठिणगीनं तिला, "तुमच्या माणसांना झाडू मारता येतो का?" असं तिच्याच माणसांसमोर विचारलं होतं, त्याचा तो परिणाम. धाकट्यानं आपलं मशीन उजवीकडे लावलं, दादाच्या केबलीच्या मापाबरहुकूम दुसरी केबल कापली आणि जोडी सुरू केली. काही महिने ती बिनतक्रार चालली.

नंतर बिघाड सुरू झाला. लाइट जायची, जोडी बॅटरीवर यायची, आणि थोड्या वेळानं डावं मशीन, म्हणजे ठिणगीचं, टीं टीं करून बंद पडायचं. सगळा भार एकट्या उजव्यावर पडला की तेही बसायचं. मालकिणीनं ठिणगीला फोन केला, तेव्हा ती म्हणाली की दुसरं मशीन लावण्याआधी माझं कधी बंद पडलं होतं का. धाकट्याला केला तर तो म्हणाला, आधी बंद कोण पडतं ते बघा. असं चार-सहा वेळा झाल्यावर मालकिणीनं दोघांना एकाच वेळी बोलावलं.

"दोघं एकत्र या," ती फोनवर म्हणाली. "एकत्र यायला जमत नसेल तर येऊन आपापलं मशीन उचलून न्या."

ठिणगी पोचली तेव्हा धाकट्याची व्हॅन आधीच दारात होती. बॅटरीची खोली छोटी होती. खाली रॅकवर बॅटऱ्या, वर भिंतीवर शेजारी शेजारी दोन मशीनं. दोन माणसांना एकमेकांचा स्पर्श न होता उभं राहायला जागा पुरेल, पण पाठ फिरवायला पुरणार नाही, एवढीच ती खोली. मालकीण दारातच उभी राहिली. उंच, पांढरा कोट, हाताची घडी.

"नमस्कार वहिनी," धाकटा म्हणाला. "तब्येत बरी दिसते. मशीनची नाही."

"भाऊजी, बॅटरीच्या खोलीत चप्पल घालून येत नाहीत," ती म्हणाली. "बूट नाहीत का तुमच्याकडे?"

"ओळखी झाल्या असतील तर सुरू करा," मालकीण म्हणाली.

त्यांनी मेन लाइनचा पुरवठा बंद करून जोडी बॅटरीवर घेतली. थोडा वेळ दोन्ही मशीनं गुणगुणत राहिली. मग डाव्याच्या पडद्यावर एक आकडा लुकलुकायला लागला, आणि ते बसलं. आकड्याचा अर्थ दोघांनाही पाठ होता. दोन्ही मशीनांना बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं दिसतंय. बॅटरी तर एकच. एकाच ताटात जेवायला बसलेल्या दोघांपैकी एकानं म्हणावं, ताट भरलंय, आणि दुसऱ्यानं म्हणावं, रिकामं आहे, तसला प्रकार.

"तुमच्या मशीनला दिसत नाही नीट," धाकटा म्हणाला. "आतलं कार्ड गेलंय."

"माझं एकटं चालवा," ठिणगी म्हणाली.

तिचं एकटं चालवलं. निम्म्या लोडवर ते छान चाललं. मग त्याचं एकटं चालवलं, तेही छान. पुन्हा जोडी केली तर पुन्हा डावं बसलं.

"एकटी असली की गुणी," धाकटा म्हणाला. "दुसऱ्याबरोबर राहायचं म्हटलं की खोडी काढायची. काही काही मशीनं असतात अशी."

ठिणगीला टोमणा झोंबला, पण मालकिणीसमोर तिनं तो गिळला. तिनं मधल्या वायरी तपासायला घेतल्या. "ही वायर तुम्ही दिलेली. पिन वाकडी आहे."

"वाकडी नाही. तुमचा चष्मा वाकडा आहे."

वायर बदलली, काही फरक पडला नाही. मग धाकटा म्हणाला की तुमच्या मशीनमधलं सॉफ्टवेअर जुनं आहे, दोघांचं एक पाहिजे. दोन्ही पडद्यांवर बटणं दाबून पाहिलं तर दोन्हीकडे एकच होतं. त्याचा चेहरा पडला तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

"मशीनं अदलाबदल करा," ती म्हणाली. "तुमचं डावीकडे, माझं उजवीकडे. दोष मशीनचा असेल तर मशीनबरोबर जाईल."

"माझ्या मशीनला तुम्ही हात लावायचा नाही."

"मग एकट्यानं उचला."

ते एकट्यानं उचलण्यासारखं नव्हतं. धाकट्यानं मालकिणीकडे पाहिलं. तिच्या हाताखाली माणसं होती. "माझी माणसं अंड्यांसाठी आहेत," मालकीण म्हणाली, "भांडणासाठी नाहीत." तिनं यंत्रं सरळ मेन लाइनवर टाकली आणि दोघांना मोकळीक दिली.

तेव्हा त्या दोघांनी मिळून मशीनं उतरवली. "वर घ्या." "घेतेय." "तुमची बाजू खाली जातेय." "तुमची वर जातेय, ते बघा." त्याचा कोपर तिच्या खांद्याला लागला, तिचा पाय त्याच्या चपलेवर पडला, कुणीही माफ करा म्हणालं नाही. पहिलं मशीन जमिनीवर टेकलं, दुसरं खाली आलं, आणि भिंतीवर दोन रिकामे हूक राहिले. नेमकी तेव्हा लाइट गेली.

इमारतभर चाललेली पंख्यांची घरघर थांबली. इतकी शांतता झाली, की आतल्या खोलीत कालच अंड्यांतून निघालेल्या पिल्लांची चिवचिव भिंतीतून ऐकू आली.

मालकीण ओरडली नाही. "यंत्रांची दारं उघडू नका," एवढं तिनं आपल्या माणसांना सांगितलं, आणि मग या दोघांकडे वळून म्हणाली, "तुमच्या पायाशी पडलेल्या त्या दोन खोक्यांची मी काय आरती करू का?"

दोघं कामाला लागली. आता बोलायला वेळ नव्हता, तरी दोघं बोलतच होती. फक्त एकमेकांच्या शब्दात शब्द अडकत नव्हता. तिनं त्याचं मशीन डाव्या हुकाला लावताना धरलं, त्यानं तिचं उजव्याला लावताना धरलं. स्क्रू, केबल, मधली वायर. चालू केलं. पंखे पुन्हा फिरायला लागले. डावीकडचं, आता धाकट्याचं असलेलं मशीन हिरवं झालं, गुणगुणलं, आणि थोड्या वेळानं तोच आकडा दाखवून बसलं. पाठोपाठ उजवं बसलं.

ठिणगीला हसू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. "तुमच्या मशीनचं कार्ड गेलंय वाटतं, भाऊजी."

धाकटा जागच्या जागी खाली बसला आणि भिंतीकडे बघायला लागला. दोष मशीनबरोबर गेला नव्हता. दोष डावीकडेच राहिला होता.

"निम्मी यंत्रं बंद करा," ठिणगी मालकिणीला म्हणाली. "निम्मी चालतील एका मशीनवर."

"कुठली निम्मी?" मालकिणीनं विचारलं. "कुठली अंडी मारू ते तुम्हीच सांगा. या आत, बोट ठेवा." पण ती थांबली नाही. जी अंडी फुटायच्या बेतात होती त्यांची यंत्रं तिनं चालू ठेवली, अलीकडे घातलेल्यांची बंद केली.

ठिणगीनं मुद्दाम डावंच एकटं चालवलं. मग मीटर काढला. बॅटरीच्या तोंडाशी व्होल्टेज पाहिलं, मशीनच्या तोंडाशी पाहिलं. मशीनपर्यंत पोचेतो ते बरंच उतरत होतं. उजवीकडे असं नव्हतं. एकटं असताना डाव्याला तुलना करायला कुणी नव्हतं, म्हणून ते मुकाट चालायचं. जोडीत आलं, की शेजारच्याला जास्त दिसतंय हे त्याला कळायचं.

"केबल," धाकटा म्हणाला.

"केबल नाही," ती म्हणाली. "त्यांची आहे ती."

केबलीच्या टोकाला लाल टेप होती. दोन वेढे, आणि शेवटचं टोक आत दुमडलेलं, सोडवायची वेळ आली तर नख लागावं म्हणून. तशी टेप शहरात दुसरं कुणी लावत नव्हतं. ती दोघं तर नव्हतीच. दोघांनाही तेवढा धीर नव्हता.

"दादाचा जोड सैल नसतो," धाकटा म्हणाला. "मशीन बदलताना तू काहीतरी केलंस."

तू. कितीतरी वर्षांनी. त्याच्या लक्षातही आलं नसावं.

"मी नुसता नट काढला आणि नट लावला," ती म्हणाली. "तुम्हीच शेजारी केबल टाकताना ओढलीत."

"हात लावून बघा ना," मालकीण दारातून म्हणाली. "एवढा काय विचार करताय, चावते का ती?"

ठिणगीनं बोट लावलं आणि लगेच काढलं. लग भाजत होता. तिनं भार उजव्या मशीनवर टाकून डावं बंद केलं, टेपच्या दुमडलेल्या टोकाला नख लावलं आणि वेढे सोडवले. आत तांब्याची टोपी होती. प्रेसनं दाबलेल्या लगवर सहा बाजूंचा सारखा ठसा उठतो. इथं ठसा नव्हता. टोपी एका अंगानं चपटी होती, तिच्यावर खवले पडल्यासारख्या खुणा होत्या, आणि आतल्या तारा काळ्या पडल्या होत्या. तिनं जरा ओढलं तर निम्म्या तारा बाहेर आल्या.

"हातोडीनं ठोकलाय," धाकटा हळूच म्हणाला.

ठिणगीनं सुटलेल्या तारा बोटांत फिरवून पाहिल्या. मग तोच पुढे म्हणाला, "प्रेस माझ्याकडे होती तेव्हा."

ठिणगीला तो दिवस आठवला. विसरलेली नव्हतीच, फक्त त्या दिवसाचं काही वजन आहे हे तिला माहीत नव्हतं. वाटणी नुकतीच झालेली. थोरल्यानं केबल गुंडाळून खांद्यावर टाकली होती आणि तो शेजारच्या शटरकडे निघाला होता. "जरा प्रेस आणतो." आणि ती म्हणाली होती, "त्या दारात गेलात तर परत या दारात यायचं नाही." तो थांबला. तिच्याकडे पाहिलं, मग खणातली हातोडी पिशवीत टाकून निघून गेला. भांडायचाच नाही तो. भांडला असता तर तिला आठवण्यासारखं आणखी काही राहिलं असतं.

हे तिनं धाकट्याला सांगितलं नाही.

"मागितली असती तर दिली असती," धाकटा म्हणाला.

"दिली असती?"

त्यानं थोडा विचार केला. खोटं बोलायची ही वेळ नव्हती बहुतेक. "नसती दिली," तो म्हणाला. "तुम्ही पाठवलंय असं वाटलं असतं मला." पुन्हा तुम्ही.

"मग गप्प बसा आणि व्हॅनमधून प्रेस आणा."

त्यानं प्रेस आणली. तिनं केबलीचं काळं टोक कापून टाकलं, चकचकीत तांबं उघडं केलं, नवा लग चढवला आणि तो धरून राहिली. त्यानं दांड्या मिटवल्या. बिनचूक दाबला, असं तिला कबूल करावं लागलं, पण मनातल्या मनात. मग नट, मग जोडी, मग एकेक करून सगळी यंत्रं. दोन्ही मशीनं गुणगुणत राहिली. मीटरवर दोन्ही केबलींत करंट सारखा. बराच वेळ थांबून पाहिलं तरी आकडा आला नाही.

मालकीण आत आली. "दोष कुणाचा होता?" तिनं विचारलं. "पुढच्या वेळी कुणावर ओरडायचं तेवढं मला कळू दे."

"केबल जुनी झाली होती," धाकटा चटकन म्हणाला. "होतं असं. कुणाचाच नाही."

ठिणगीला ते सहन झालं नाही. खोटं सहन झालं नाही असं नव्हे. बाजारात खोटं तीही बोलायची. पण तिच्या नवऱ्याला पाठीशी घालायला हा कोण? जणू ती तिथं नव्हतीच, जणू थोरला फक्त याचाच होता.

"जुनी नव्हती," ती म्हणाली. "लग हातोडीनं ठोकलेला होता. आमच्या दुकानानं. चूक आमची."

मालकिणीनं मान हलवली आणि ती अंड्यांकडे गेली. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"गेलेल्या माणसाला गिऱ्हाइकासमोर नागवं केलंत," तो म्हणाला.

"आमच्या दुकानानं म्हणाले मी. त्यांचं नाव घेतलं का?"

"तेव्हा दुकानात जोड कोण द्यायचं ते तिला माहीत नाही का? मी झाकत होतो ते. तेवढंसुद्धा करू दिलं नाहीत."

"तुमचं झाकण नको आहे मला. ताण कुणी दिला म्हणून दारात उभं राहून विचारलं होतंत ना? मग आता कशाला झाकता?"

तो निघून गेला. व्हॅनचं दार त्यानं इतक्या जोरात आपटलं, की आतून कुणीतरी काय झालं म्हणून डोकावलं.

बंद ठेवलेल्या यंत्रांतली काही अंडी वाया गेली, बरीचशी वाचली. मालकिणीनं दोघांना कळवलं, की देखभाल यापुढे दोघांनीच करायची, आणि यायचं ते एकत्रच. "वेगवेगळे आलात की मला दोन गोष्टी ऐकाव्या लागतात," ती म्हणाली. दोघांनीही नाही म्हटलं नाही. नाही म्हणणं म्हणजे दुसऱ्याला मैदान मोकळं सोडणं.

पण ठिणगीचं डोकं त्या केबलीतून बाहेर येईना. प्लायवूड आल्यापासून थोरला जाईपर्यंतच्या काळात त्यानं आणखी कुठे कुठे जोड दिले होते, ते ती मनातल्या मनात गोळा करत राहिली. छापखाना. दाताचा दवाखाना. शिलाईचा कारखाना. त्या सगळ्या ठिकाणी हातोडी गेली असणार. एखादा गरम होत असेल. एखादा उद्या पेट घेईल, आणि नाव त्याचं निघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या शटरात जाऊन उभी राहिली. "प्रेस पाहिजे," ती म्हणाली.

धाकट्यानं मान वर केली नाही. "नाही."

"विकत मागत नाहीये. संध्याकाळी परत देईन."

"नाही म्हटलं ना. मला लागणार आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच पावली जाऊन स्वतःची नवी प्रेस घेऊन आली.

छापखान्यात ती पोचली तेव्हा मशीनमन म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला आलात? सकाळी तुमचे दीर येऊन सगळे जोड नवे करून गेले. कुणी बोलावलंही नव्हतं."

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रेस त्याला कशासाठी लागणार होती ते. माझ्या नवऱ्याचे जोड कापणारा हा कोण? तिथूनच ती दाताच्या दवाखान्यात धावली आणि तो पोचायच्या आत तिथले जोड तिनं केले. पुढचे काही दिवस दोघांचं हेच चाललं. दोघंही आपापली दुकानं अर्धा दिवस बंद ठेवून शहरभर पळत होती. कुठे ती आधी, कुठे तो. पाण्याच्या टाकीवरच्या पंपघरात ती पोचली तर त्याचा चकचकीत लग तिच्याकडे बघत होता. तिनं सगळा जोर लावून तो ओढून पाहिला. हलला नाही, तेव्हा तिला आणखीच राग आला.

शेवटी शिलाईचा कारखाना राहिला. तिथं मात्र ती आधी पोचली. दुमडलेल्या टोकाची लाल टेप तिनं सोडवली. आत हातोडीचाच लग होता, चपटा, खवले पडलेला. तिनं पूर्ण लोडवर तपासला. थंडगार. व्होल्टेज जरासुद्धा उतरत नव्हतं. ओढून पाहिला, एक तार हलली नाही. त्या माणसानं तो किती वेळ आणि किती जपून ठोकला असेल कोण जाणे. हातोडीनं असा जोड होतो, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

ती त्याच्यासमोर बसून राहिली. मागे शिवणयंत्रांची खडखड चालली होती.

"चांगला असेल तर राहू दे की," कारखान्याचा मुकादम म्हणाला.

तिनं तो कापला. काही झालं तरी हातोडीचा जोड तो. आज थंड आहे, उद्याचं कुणी पाहिलं आहे. कापलेलं टोक टणकन फरशीवर पडलं. तिनं नवा लग चढवला, प्रेसच्या दांड्या मिटवल्या, आणि त्याच वेळी दारात सावली पडली. धाकटा उभा होता, हातात त्याची प्रेस.

"उशीर झाला भाऊजी," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. फरशीवरचं टोक उचललं, उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं. अंगठ्यानं ते खवले चाचपले. मग ते खिशात घातलं आणि वळला.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

तो थांबला नाही. तिच्या एका हातात केबल होती, दुसऱ्यात पाना, आणि दोन्ही सोडून मागे धावण्यासारखं नव्हतं. जिन्यावरून त्याच्या चपला फटफट वाजत गेल्या.

"कोण हो ते?" मुकादमानं विचारलं.

"आमच्याच घरातला चोर," ती म्हणाली, आणि नट आवळायला लागली.